खंड्याचे दिवस

आरेती पर्यटकांना भाड्याने देते त्या बारा खोल्यांत ऑगस्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीत त्याच खोल्यांतल्या गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या असतात, उत्तरेकडच्या खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी असते, आणि बेटावर एक बेकरी, एक कॉफीचं दुकान आणि तीनेकशे माणसं उरतात. नवरा गेल्यापासूनचे नऊ हिवाळे तिने स्वयंपाकघरातच काढले. तेवढी एकच खोली ती ऊबदार ठेवायची. भेटेल त्याला वाऱ्याचा अंदाज सांगायची तिला खोड होती. तो बहुधा खराही ठरे.

यंदा मुलगी आली, झाबेता. पाण्यात क्रूस टाकायच्या सणाला, अथेन्सहून, चार दिवसांसाठी. आठवा महिना सरत आलेला. मूल आडवं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पंधरा तारखेच्या आत परत या, पोट फाडूनच बाळंत करावं लागेल. आठ तारखेची बोट ठरली होती. त्या सकाळी आरेती गच्चीवर जाऊन आली आणि म्हणाली, "आज फार डुलेल. थांब आठवडाभर. खंड्याचे दिवस आलेच आता, समुद्र तेलासारखा होईल."

जानेवारीच्या मध्यावर खंड्या पक्षी अंडी उबवतो, म्हणून वारा पडतो. बेटावर यावर कुणी वाद घालत नाही. झाबेता त्यावरच वाढलेली. तिने तिकीट बदललं.

दहा तारखेला उत्तरेचा वारा सुटला तो हटेना. आज एकोणीस तारीख. नऊ दिवस बोट नाही, हेलिकॉप्टरही नाही. दवाखान्यात नुकतीच शिकून आलेली एक तरुण डॉक्टर होती. तिने काल पोट तपासलं आणि मग बराच वेळ हात धूत राहिली. आरेतीच्या डोळ्यांसमोरून ते हात जाईनात. झाबेता मधूनच कमरेवर हात ठेवून थांबायची, आणि ती पुन्हा हलेपर्यंत आरेती मनातल्या मनात आकडे मोजायची.

दुपारी तिकीटवाल्या निकीफोरोसचा फोन आला.

"आरेतीमावशी, वाऱ्याचा जोर नवावरून सातावर उतरलाय. बोटींवरची बंदी उठली. चारला बोट येतेय. धक्क्याला लागली तर दोन मिनिटं मागचं दार टाकेल, नाहीतर तशीच पुढे जाईल."

"आणि उद्या?"

"उद्याचं तू सांगायचीस ना आम्हाला? कुठे मेला तुझा खंड्या?"

तिने फोन ठेवला. झाबेता छोल्यांच्या वाडग्यात चमचा फिरवत बसली होती.

"उद्या वारा पाचावर येईल असं रेडिओवाले म्हणतात," आरेती म्हणाली.

"रेडिओ राहू दे. तू सांग. जाऊ की थांबू?"

'थांब' हे उत्तर जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं.

"आठ तारखेला वारा चारच होता."

"म्हणजे?"

"बोट डुलली नसती. मला गच्चीवरून दिसत होतं. मला तू आणखी थोडे दिवस हवी होतीस."

झाबेताने चमचा खाली ठेवला. चुलीत लाकूड तडकलं. पाय पुढे करून ती म्हणाली, "बूट घालून दे. मला वाकता येत नाही."

आरेती जमिनीवर बसली. तिने नाड्यांना दुहेरी गाठ मारली.

धक्क्यावरच्या खाणावळी बंद, खुर्च्या साखळीने बांधलेल्या. बोट मागच्या बाजूने धक्क्याकडे येत होती, लाटेबरोबर तिचं लोखंडी दार वर जायचं आणि दगडावर आपटायचं. एकदा लागली आणि सुटली. आता गेली, असं आरेतीला वाटलं. दुसऱ्यांदा टेकली.

"आत्ता," निकीफोरोस म्हणाला आणि त्याने झाबेताचा एक दंड धरला. दुसरा आरेतीने धरला, आणि आत पोचल्यावरही सोडला नाही.

"मावशी, उतर. तुझं तिकीट कुठाय?"

"काढ मग."

"घर?"

"उघडंच आहे. चोरायला येणार कोण, तू?"

निकीफोरोस उतरला आणि दार वर उचललं गेलं. बंदराच्या तोंडाशी येताच बोट अशी कलली की कुठेतरी कपबशा फुटल्या. झाबेताने एका हाताने खुर्ची पकडली, दुसरा पोटावर.

"आई, अजून वाढेल?"

"वाढेल," आरेती म्हणाली. "बेटाच्या टोकाला वळसा पडेपर्यंत वाढेल. पुढचं मला माहीत नाही."

झाबेताने तिच्याकडे पाहिलं. मग पोटावरचा हात किंचित सरकवून जागा करून दिली. आरेतीने तिथे आपला तळवा ठेवला. आत काहीतरी हललं आणि थांबलं. परत हलेपर्यंत तिने श्वास सोडला नाही.

अथेन्सला पोचायला अजून पाच तास होते.