पंपाच्या खोलीतली शांतता

ती घटना आठवली की आजही मला पाण्याच्या काठावर फार वेळ उभं राहवत नाही. नोकरीत मी पुष्कळ प्रेतं पाहिली, पंचनामे केले. त्यांतले बहुतेक विसरलो. हे प्रकरण विसरलो नाही. यात ना रक्त होतं, ना झटापट.

जालना-अंबड रस्त्यावर एका कारखानदार कुटुंबाचं फार्महाऊस होतं. दोन भाऊ आणि त्यांच्या बायका तिथे राहत. थोरल्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी पाण्यात चालण्याचा व्यायाम सांगितला म्हणून आवारात पोहण्याचा तलाव बांधला. क्लोरीनच्या पावडरीनं थोरल्याच्या अंगाला खाज सुटायची, म्हणून पाण्यात मीठ टाकून त्यातूनच क्लोरीन तयार करणारं यंत्र बसवलं. त्या यंत्राचा मुख्य भाग म्हणजे सेल, नळीच्या आत शेजारी शेजारी बसवलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. पट्ट्यांवर क्षार साचायचा आणि तो ॲसिडनं काढावा लागायचा. हे काम धाकटा भाऊ स्वतः करायचा. थोरला पाण्यात उतरला की काठावर थांबण्याची जबाबदारीही त्याचीच.

एका सकाळी फोन आला. थोरला भाऊ तलावात बुडाला होता.

मी पोहोचलो तेव्हा शेजारच्या मळ्यातल्या गड्यांनी प्रेत बाहेर काढून फरशीवर ठेवलं होतं. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाच्या फरशीच्या रेघा मोजता आल्या असत्या. धाकट्यानं जबाब दिला, "साहेब, मी पंपाच्या खोलीत सेल धूत होतो. पंपाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. धुतलेला सेल बसवून बाहेर आलो, तर दादा तळाशी."

अकस्मात मृत्यूची नोंद केली. पाण्यात करंट उतरला असेल अशी शंका होती, म्हणून मेन स्विच बंद करून पंपाच्या खोलीला सील लावलं. शवविच्छेदनात बुडून मृत्यू निघाला. अंगावर ओरखडाही नव्हता. वीज निरीक्षकांना यंत्रात कुठेही गळती सापडली नाही. कागद बंद करायचेच बाकी होते.

माझा हवालदार अंकुशनगरकडचा. सीलवर लक्ष ठेवायला तो फार्महाऊसवर जायचा. एकदा परत आला तो अस्वस्थ होता.

"साहेब, पाणी हिरवं पडून राह्यलं."

"यंत्र बंद आहे. पडणारच."

"त्ये बराबर हाय. पर धाकले मालक रोज त्याच टायमाला काठावर येऊन उभे ऱ्हातेत. बोलत न्हाईत, बसत न्हाईत. मला तिथं थांबवत न्हाई."

मी स्वतः जाऊन पाहिलं. ऊन रणरणत होतं. तलावावर शेवाळाची साय धरली होती आणि काठावर धाकटा उभा होता, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. माझ्या बुटांचा आवाज त्यानं ऐकला असणार, पण वळला नाही.

"साहेब," तो पाण्याकडेच बघत म्हणाला, "आता तळ दिसत नाही."

त्या आवाजात दुःख नव्हतं. सुटल्यासारखा तो बोलला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची बायको पोलीस ठाण्यात आली. पासपोर्टच्या चौकशीचं निमित्त काढून आली होती. महिला शिपायाला मी आत बसवून घेतलं. बाई बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

"साहेब, सेल धुतला की ॲसिडचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो. घसा खवखवतो. त्या दिवशी आला नाही."

"वारा उलटा असेल."

"असेल. पण दादांनी हाक मारली होती. 'अरे, हात दे.' मला आत बिलकुल साफ ऐकू आलं." ती थांबली. "हे काठावरच असतात, म्हणून मी गेले नाही."

एवढं सांगून ती उठली. नवऱ्याविरुद्ध बोलताना ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन पंच घेऊन फार्महाऊसवर गेलो. सील तोडलं, मेन स्विच चालू केला आणि धाकट्याला म्हणालो, "त्या दिवशी जे केलंत, ते तसंच करून दाखवा. आधी पंप."

त्यानं पंप चालू केला. लहानशी खोली घरघराटानं भरून गेली. या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नाही, हे त्याचं म्हणणं खरं होतं.

"आता सेल काढा."

त्याचा हात सवयीनं स्विचकडे गेला. पाणी वाहत असताना सेल निघत नाही, आधी पंप बंद करावाच लागतो. स्विच दाबल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि हात तिथेच राहिला.

घरघर थांबली. त्या शांततेत तलावापाशी उभ्या असलेल्या हवालदाराचं खाकरणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

मी मानेनंच पुढे जा म्हणून खुणावलं. त्यानं दोन्ही बाजूंचे आटे सोडवून सेल बाहेर काढला आणि उजेडात धरला. पट्ट्यांच्या फटी पांढऱ्या थरानं बुजल्या होत्या, म्हाताऱ्याच्या दातांवर कीट चढावं तशा. त्या सकाळपासून यंत्र बंद होतं, खोली सीलबंद. हा थर मृत्यूनंतरचा नव्हता.

तरीही तो थांबला नाही. हातमोजे घातले, बादलीत आधी पाणी, मग बेतानं ॲसिड घातलं आणि सेल आत उभा केला. फसफस सुरू झाली. क्षार असेपर्यंतच फेस येतो, पट्ट्या साफ झाल्या की आवाज थांबतो, असं त्यानंच पहिल्या दिवशी जबाब देताना मला सांगितलं होतं. आम्ही थांबलो. फेस बादलीच्या काठापर्यंत चढला. वासानं डोळ्यांत पाणी आलं. आवाज थांबेना.

"मी ढकललं नाही, साहेब," तो एकदम म्हणाला.

"मग काय केलंत?"

"उभा होतो. जन्मभर दादाच्या एका हाकेत धावलो. लग्नात, कारखान्यात, पाहुण्यांसमोर. त्या दिवशीही त्यानं हुकूमच सोडला, हात दे. मला वाटलं, आज दुसऱ्यांदा म्हणू दे." तो बादलीकडे बघत राहिला. "त्यानं दुसऱ्यांदा म्हटलंच नाही."

पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. पण त्यानं पुढे दंडाधिकाऱ्यांसमोरही तेच सांगितलं आणि ते फिरवलं नाही. सांभाळण्याची जबाबदारी घेतलेला माणूस समोर बुडणाऱ्याला हात देत नाही, तेव्हा तोही गुन्हा होतो, हे न्यायालयानं मानलं. त्याला शिक्षा झाली.

तोवर मी तपासात माणसाच्या हातांनी केलेल्या खुणा शोधायचो. गळ्यावरचे वळ, दारावरचे ठसे. हातांनी न केलेल्या गोष्टीची खूण कुठे शोधायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर कुठल्याही जबाबात "मी तिथं नव्हतो" हे वाक्य आलं की मी पेन खाली ठेवून माणसाच्या तोंडाकडे बघायला लागलो.

निकालाच्या दिवशी ती बाई न्यायालयाच्या व्हरांड्यात जावेचा हात धरून बसली होती. मी विचारलं, "वहिनी, तुम्ही आला नसता तर हे कधीच उघड झालं नसतं. का आलात?"

तिनं सहज उत्तर द्यावं तसं सांगितलं, "त्या दिवशी ते घरात आले, तेव्हा त्यांचे कपडे कोरडे होते, साहेब. भाऊ पाण्यात पडलेला, आणि यांची बाहीसुद्धा भिजलेली नव्हती."