आमची जोडी झाली

माझ्या मैत्रिणी हिमाचल, केरळ, गेलाबाजार श्रीलंका करून येतात आणि ढीगभर फोटो पाठवतात. मी परवा वर्तकनगरहून निघून शीळफाट्यावरून कल्याणच्या पलीकडे जाऊन आले आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. म्हणून लिहायला घेतलं.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मानसी दातांची डॉक्टर आहे. महिन्यातून एकदा ती एका संस्थेच्या गाडीतून मजुरांची तपासणी करायला जाते. तोंड, रक्तदाब, साखर, एवढंच. काही दुखण्याच्या आधीच बघून घ्यायचं, असा त्यामागचा विचार. या वेळी तिची मदतनीस आजारी पडली. मी निवृत्त शिक्षिका, पाय घरात ठरत नाही म्हणून साऱ्या कॉलनीत बदनाम. "काकू, येता का? फक्त नावं विचारायची आणि लोकांना रांगेत बसवायचं," असं ती म्हणाली, आणि तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी चपला शोधत होते.

गाडी पांढरी, आत मागे कलणारी एक खुर्ची आणि वर मोठा दिवा. चालवायला कल्याणचे दिनकर. माणूस इतका शांत, की त्यांच्या शांतपणाचाच मला ताप व्हायला लागला.

पहिला मुक्काम माजिवड्याला. पुलाखाली सकाळी नाका भरतो (रोजंदारीचे मजूर तिथे उभे राहतात, ठेकेदार येऊन हवी तेवढी माणसं उचलतात). मानसीने पहिल्याच माणसाला खुर्चीत बसवलं. जालन्याकडचा प्लास्टरवाला, गुटख्याने दात लाल झालेले. त्याने आ केला, तिने लाकडी पट्टीने जीभ दाबली, तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. तो माणूस पट्टी तोंडात तशीच धरून उठला आणि पळत जाऊन टेम्पोत चढला.

"अहो, थांबा," मी दारातून म्हणाले.

"जाऊ दे काकू," मानसी हातमोजे बदलत म्हणाली. "खाडा झाला तर त्याला कोण देणार? परत कधी दिसला तर बघीन."

मला आधी हसू आलं आणि लगेच रागही आला, पण कोणावर ते कळेना. त्याच्या जागी मी असते तर मीही टेम्पोच गाठला असता. तासाभरात जेमतेम मूठभर लोक झाले आणि नाका रिकामा झाला.

पुढचा मुक्काम कल्याणपलीकडची वीटभट्टी. भिवंडीकडचा रस्ता तुंबला होता, म्हणून दिनकरांनी मुंब्र्याच्या बाजूने गाडी घातली. शीळफाट्याला तोही तुंबला. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे आम्ही. खिडकीपाशी एक बाई मीठ-तिखट लावलेल्या काकड्या विकत होती. दोन खाल्ल्या. मानसीच्या डब्यातलं थालीपीठ खाल्लं. तरी गाडी तिथेच. मी खाली उतरून पुढे काय झालंय ते बघून आले. पुढेही कंटेनरच होते.

"काकू, बसा," दिनकर म्हणाले. "तुम्ही उतरलात म्हणून काय सिग्नल सुटणार नाही."

डोंबिवली मागे पडली, कल्याण मागे पडलं, आणि नदीकडच्या कच्च्या रस्त्याला लागलो तसा धूर दिसायला लागला. वीटभट्टी मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. कच्च्या विटांच्या लांबच लांब रांगा उन्हात वाळत घातलेल्या, मधे भाजायला रचलेला उंच ढीग आणि त्याच्या कडेकडेने निघणारा निळसर धूर. पलीकडे गवताच्या आणि ताडपत्रीच्या खोपी (हंगामापुरत्या झोपड्या). माणसं बरीचशी जव्हार-मोखाड्याकडची. दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या आधी घरी जातात. पहाटे अंधारात उठून विटा थापतात, म्हणून दुपारी थोडी उसंत असते. मुकादमाने आम्हाला तेवढाच वेळ दिला होता.

इथे मात्र काम झपाट्याने झालं. मुकादमाने हाक दिली, लोक आले, मी नावं विचारली, मानसीने तोंडं तपासली. कोणी कुरकुर केली नाही, कोणी पळालं नाही. बहुतेक पुरुष, दोन-चार बायका. जानू नावाचा एक हसरा, सडपातळ माणूस तर खुर्चीतून उतरताना "बरं हाय ना? मंग झालं," असं म्हणून हात जोडून गेला. माजिवड्यानंतर मानसीला हुरूप आला. ती म्हणाली, "बघा, भट्टी संपली पण. आता टिटवाळ्याच्या बाजूला एक साइट आहे, ती पण होईल."

ती सामान आवरेपर्यंत मी खोपींकडे फिरत गेले. एका खोपीपुढे तो जानू जेवत होता आणि शेजारी त्याची बायको. तिचं नाव बारकी. नाचणीची भाकरी आणि सुकटीची लालभडक चटणी. "बस ना बाय, खा," ती म्हणाली. मी बसले. चटणीने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तशी ती गालातल्या गालात हसली. पण तिच्या भाकरीवर चटणी नव्हती. ती तुकडा पाण्यात बुडवत होती आणि तोंडाच्या एकाच बाजूने हळूहळू चावत होती.

"तू नाही खात चटणी?"

"झोंबतं. हितं." तिने गालाला बोट लावलं. "होळीच्या आदीपासून."

"मग डॉक्टरबाईंना दाखवलंस का?"

"झाली ना तपासनी." तिने जानूकडे मान वळवली. "तो गेलता. आमची जोडी झाली."

"म्हणजे?" मी जानूला विचारलं. तो शांतपणे समजावून सांगायला लागला, जणू मी वर्गात उशिरा आलेली मुलगी. भट्टीवर माणूस धरत नाहीत, जोडी धरतात. नवरा गारा (तुडवून मऊ केलेली माती) आणतो, बायको थापते. हंगामाआधी मिळणारी उचल जोडीला. आठवड्याच्या बाजाराचे पैसे जोडीला. एकाला ताप आला तर दोघांचं काम बंद. मुकादमाने हाक दिली तीही जोडीलाच. त्यातला एक गेला आणि बरा निघाला. मग दुसऱ्याने कशाला जायचं?

मी हातातली भाकरी खाली ठेवली. आमच्या गाडीने अख्खी भट्टी तपासली होती आणि निम्मी माणसं तशीच राहिली होती, त्यातही बहुतेक बायका. तंबाखूची मिश्री तर त्याच लावतात.

मी पळतच गाडीकडे आले. दिनकरांनी इंजिन सुरू केलं होतं. मानसीने माझं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "अगं बाई. आणि मी खूश होते." मग तिने टिटवाळ्याला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं आणि हातमोज्यांचा खोका परत उघडला.

पुन्हा हाका घातल्या. या वेळी मी स्वतः खोपी-खोपीत गेले. "जोडीतलं दुसरं माणूस चला," असं ओरडत होते, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत येत होत्या. बारकीला मी हाताला धरून आधी बसवलं. मानसीने तिचा गाल आतून बघितला. बराच वेळ बघितला. दिव्याखाली मलाही दिसलं. पांढरा चट्टा आणि मधोमध लाल.

"तुकडा काढून तपासायला हवा," मानसी मला बाजूला घेऊन म्हणाली. "कॅन्सर असेलच असं नाही काकू. पण नाही असंही मी म्हणणार नाही. आणि आज गेली नाही ना, तर ती परत सापडणार नाही. ठाण्यात माझे सर आहेत, कॉलेजच्या दवाखान्यात. पाचपर्यंत थांबतो म्हणाले तर जमेल."

सर थांबतो म्हणाले. मानसीने बारकीला आणि जानूला सगळं समजावून सांगितलं. बाकीच्या बायका होईपर्यंत मी गाडीभोवती येरझाऱ्या घालत होते. मुकादम आडवा आला. वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यामागे मालक होता. "पावसाच्या आदी माल काढायचाय, बाई. हंगाम संपल्यावर न्या की. जोडी मोडली तर माझा गारा सुकतो."

माझा आवाज चढला असता, पण जानू खोपीतून धुतलेला शर्ट घालून आला. "पहाटं थापाया येतो," तो मुकादमाला म्हणाला. "आता जातो."

"अरे, तू कशाला? तिलाच बोलावलंय," मुकादम म्हणाला.

"तिचं दुखतं तं जोडीचं दुखतं," जानू म्हणाला आणि गाडीत चढून बसला.

येताना भिवंडीचा रस्ता मोकळा झाला होता, पण पुरता नाही. गाडी जरा थांबली की मी घड्याळ बघत होते. बारकी खिडकीला डोकं टेकून बाहेरचे टॉवर बघत होती. ती ठाण्याला कधीच आली नव्हती. तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. मलाच भीती वाटत होती.

पाचला थोडा अवकाश असताना पोचलो. सर थांबले होते. बाकावर आम्ही तिघं बसलो, मानसी आत बोलायला गेली. बारकीने माझ्याकडे निरखून बघितलं.

"बाय, तुजं बगितलं का कोनी?"

"आमच्या ह्यांची तपासणी होते ना, दरवर्षी. कंपनीकडून. अगदी हृदयापासून सगळं. दरवर्षी सगळं चांगलं येतं."

"त्यांचं. अन् तुजं?"

रिपोर्ट चांगला आला की दरवर्षी मी शिरा करते. आमच्या घरात सगळं ठीक आहे, असं फोनवर बहिणीला सांगते. बारकी गाल धरून हसायला लागली, हसताना दुखत होतं तरी. "मंग तुजी पन जोडी झाली," ती म्हणाली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

ती आत गेली. जानूही उठला, पण नर्सने त्याला दारातच थांबवलं. तो दाराला पाठ लावून उभा राहिला आणि स्वतःचा गाल चोळत राहिला. बारकी कापूस चावत बाहेर आली. निकाल आठ दिवसांनी. सर एवढंच म्हणाले, की आजच आणलंत ते बरं केलंत, पुढचं निकाल आल्यावर. दिनकर कल्याणलाच राहतात. दोघांना भट्टीवर सोडतो म्हणाले. पहाटे त्यांना विटा थापायच्या होत्या.

मी रिक्षाने घरी आले. निकालाच्या दिवशी भट्टीवर जाऊन बारकीला मीच घेऊन येणार, हे मानसीला सांगून झालंय. मुकादमाशी भांडायची तयारी आहे. पण अजून सहा दिवस आहेत आणि ते जाता जात नाहीत. स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात असं माझं चाललं होतं. शेवटी ह्यांनी पेपर खाली ठेवला.

"तुला झालंय तरी काय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला अजून कोणी तपासलेलंच नाही."