ज्युरीचा फॉर्म

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

मी ऑकलंडमधल्या एका हायस्कुलात शिकवतो. पुण्याहून आलो तेव्हा बॉटनी डाउन्स या उपनगरात एका दुकानात माल लावायचो, तिथून शिक्षक झालो. कुणी काही फुकट दिलं नाही, एकेक तास भांडून मिळवला. २०१६ साली विभागप्रमुखाची जागा निघाली आणि मला डावललं. ‘कम्युनिकेशन’, म्हणाले. म्हणजे माझे उच्चार. तेव्हापासून ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवतो — गणपतीत, बार्बेक्यूला, अगदी पार्किंगमध्ये उभं राहूनसुद्धा.

एक भाग मात्र गाळतो.

त्या मुलाखतीच्या आठवड्यातच मला कोर्टाचं पत्र आलं होतं, खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या ज्युरीत बसायला या म्हणून. तारीख पुढे मागता आली असती. पण नाही म्हणाले तर? मी घासाघीस करणारा माणूस, सगळ्यात पक्की पळवाट शोधली. फॉर्मवर लिहिलं — मला इंग्रजी नीट समजत नाही. खाली सही. कोर्टाने एक प्रश्नही न विचारता मान्य केलं. त्याचाही मला राग आला.

मग मुलाखतीत तेच दुसऱ्या कुणी म्हटलं, तर मी कुठल्या तोंडाने चिडलो?

आणि मी शिकवतो काय? इथली राज्यव्यवस्था. मतदान, ज्युरी, नागरिकाचं कर्तव्य.

पुढच्या वर्षी तन्वी या माझ्या विद्यार्थिनीच्या आई तिला घेऊन पालकसभेला आल्या. इथल्या हॉस्पिटलात नर्स, मूळच्या साताऱ्याच्या. त्यांनाही तसंच पत्र आलं होतं. हळूच म्हणाल्या, “सर, कोर्टातलं इंग्लिश मला नाही हो झेपायचं. तसं लिहून टाकू का?”

मी भडकलो. कुणावर — ते तुम्हाला कळलंच असेल. “वॉर्डात डॉक्टरांचं झेपतं, आणि कोर्टाचं नाही? लेक इथे काय शिकतेय, बाई?”

त्यांची मान खाली गेली. तन्वी आईकडे न बघता म्हणाली, “मॉम, जस्ट गो.”

त्या गेल्या. आठवडाभर ज्युरीत बसल्या.

नंतर तन्वीने नागरिकाच्या कर्तव्यावर निबंध लिहिला. शेवटचं वाक्य होतं — आमचे सर जे शिकवतात तसंच वागतात, म्हणून माझी आई गेली.

मी ते दोनदा वाचलं. खोडणार कसं? खरं सांगणार कुणाला — तिला? समासात बरोबरची खूण केली, आणि पुढचा निबंध घेतला.