जॅक नेमका कुठे बसवायचा

कपाटं करणाऱ्या माणसाने गिटार करायला घेऊ नये, हे मिस्त्रींना गिटार होत आल्यावर सुचलं. त्यांना बऱ्याच गोष्टी होत आल्यावरच सुचत.

इलेक्ट्रिक गिटार होती, ताईसाठी. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी वाद्यवृंद काढला होता, आणि शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम होता. पाकिटाच्या पाठीवर तिनेच आकार काढून दिला होता: शेपटी दुभंगलेला मासा. मिस्त्रींनी आनंदाने होकार दिला, कारण ताईची पहिली गिटार त्यांनीच मोडली होती. दहा वर्षांचे असताना ते नेहमीप्रमाणे वाऱ्यासारखे खोलीत शिरले, पाय गिटारच्या वायरीत अडकला, आणि वायरीमागोमाग गिटार फरशीवर आली. मान मोडली. दुसरी काही घरात आली नाही. ताई त्यावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान उलटून भांडता तरी आलं असतं.

तेव्हा आता लाकूड, तारा, रंग सगळं जमलं तरी एका गोष्टीवर त्यांचं घोडं तीन आठवडे अडलं: वायर खोचायचा जॅक कुठे बसवायचा? शेपटीच्या खालच्या फाट्याच्या टोकाला बसवावा, तर वायरीला कोणी नुसता हिसका दिला तरी ती निसटणार. शिवाय दिसणार. आणि मिस्त्रींच्या कपाटात बिजागरी दिसली की त्यांना रात्री जेवण जात नसे. शेवटी त्यांची नजर शेपटीच्या खाचेवर गेली. दोन फाट्यांच्या मधोमध, आत, कोणाच्या दृष्टीस न पडणारी जागा. तिथे खोचलेली वायर कोणाचा बाप उपटू शकला नसता.

खात्री करून घ्यायला त्यांनी वायर चिकटपट्टीने खाचेत चिकटवली, गिटार गळ्यात अडकवली आणि गिऱ्हाइकाच्या नव्या कपाटाच्या आरशासमोर उभे राहून एक पाय पुढे टाकला, मान झटकली. पोट जरा मध्ये येत होतं, पण वायर कुठेच येत नव्हती. आपण गिटार बनवणाऱ्यांना चार गोष्टी शिकवू शकू, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ड्रिल चालवलं.

गुरुवारी ताई आली. तिने गिटारवरून हात फिरवला, डोळे पुसले, मग खुर्ची ओढून बसली आणि गिटार मांडीवर घेतली. शेपटीची खाच बरोबर मांडीवर बसली. तिने ती त्यासाठीच काढली होती. खाचेत खोचून ठेवलेल्या वायरीची पिन बरोबर मांडीत घुसली.

"तू बसून वाजवणार?" मिस्त्रींनी विचारलं.

"गुडघे बघितलेस का माझे?"

बघितले होते. त्याच गुडघ्यांसाठी त्यांनी तिचा पलंग चार बोटं उंच करून दिला होता, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली होती. एवढं करूनही गिटार मात्र त्यांनी खिडकीशी तीन तीन तास उभं राहून वाजवणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीसाठी केली होती. आपण मापं घेतो म्हणून लोक आपल्याला पैसे देतात, या विचाराने त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी घाईघाईने खुलासा केला, की वायर निसटू नये म्हणून एवढा खटाटोप.

"अरे, निसटू दे की," ताई म्हणाली. "त्या दिवशी ती निसटली असती, तर गिटार वाचली असती."

चाळीस वर्षांत ती त्याबद्दल पहिल्यांदाच बोलली. मिस्त्री ड्रिल शोधायला वळले, जे त्यांच्या हातातच होतं.

जॅक खालच्या फाट्याच्या टोकाला गेला. खाचेतलं भोक त्यांनी लाकडाच्या तुकड्याने बुजवलं. रंग काही केल्या जुळला नाही.

शनिवारी हॉल भरला. दुसरं गाणं रंगात आलं असताना मिस्त्रींना वाटलं, ताईच्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतोय. पुठ्ठ्याची घडी घेऊन ते वाकून, कोणाला दिसणार नाही अशा बेताने मंचावर शिरले. पाय वायरीत अडकला. ते चारशे लोकांसमोर आडवे झाले आणि गिटारचा आवाज बंद पडला.

त्यांची मान वर करून बघायची हिंमत होईना. शेवटी बघितलं. ताई खुर्चीवर होती, गिटार तिच्या मांडीवर होती, आणि वायर त्यांच्या घोट्याला गुंडाळलेली होती.

ताईने माइक जवळ ओढला. "घाबरू नका," ती लोकांना म्हणाली, "हा माझा धाकटा भाऊ. गिटार यानेच केलीय."

टाळ्या पडल्या. मिस्त्रींनी गुडघ्यांवर रांगत पिन उचलली. जॅक समोरच होता, साऱ्या हॉलला दिसत होता. त्यांनी पिन खोचली आणि तिथेच, ताईच्या पायाशी बसून राहिले.