ठोकूमामांनी पारखलेला रेडिओ

बदलापूर गावात आमच्या आळीत पहिला रेडिओ आणला तो मी. त्या दिवशी तो बोलला नाही, ही गोष्ट वेगळी.

आणला मी, पण पारखायला मामा होते. मामा म्हणजे माझ्या बायकोचे, सुमनचे मामा. सगळं गाव त्यांना ठोकूमामा म्हणायचं, कारण ठोकून बघितल्याशिवाय त्यांनी जन्मात काही घेतलं नाही. माठ ठोकायचे, फणस ठोकायचे, दाराची फळी ठोकायचे. बोट वाकवून टक-टक करायचं, कान लावायचा, मग निकाल. मला बघायला आले तेव्हा माझ्या डोक्यावरही टक-टक केलं आणि सुमनच्या आईला म्हणाले, "पोकळ हाय, पण तडा नाय. घ्या." एवढ्यावर आमचं लग्न जमलं.

बैल घ्यायचा तर लोक मामांना सोबत न्यायचे. मामा दात बघायचे, शेपूट ओढायचे, चार पावलं चालवायचे आणि शेवटी विचारायचे, "खातो काय?" म्हणायचे, "रूप सगळेच बघतात. दावणीला बांधल्यावर कळतं, ह्याला नुसता पेंढा चालत नाय."

मी तेव्हा अंबरनाथला कारखान्यात कामाला. अक्षर एक येत नव्हतं, पण बोलायला कोण अडवतं? एकदा पारावर बोलून बसलो, "रविवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर रेडिओ ऐकवतो. नाय ऐकवला तर मिशी उतरवीन." मिशी ही माझी एकुलती एक इस्टेट. सुमन म्हणाली, "मिशी गेल्यावर तुमच्यात राहणार काय?"

रविवारी मामांची बैलगाडी जुंपून उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारात गेलो. सिंधी शेठने लाकडी पेटीचा चकाचक रेडिओ पुढ्यात ठेवला. त्याचा कान पिळला, तशी आतून बाई गायला लागली. मी नाचायचाच बाकी होतो. मामांनी पुढून बघितलं, मागून बघितलं, बुडाखाली हात घातला. टक-टक केलं. बाई गातच राहिली.

"बुजत नाय," मामा खूश झाले. "पण शेठ, आजारी पडला तर?"

"इधर लेके आओ, साईं. मैं बैठा हूँ."

मग मामांनी आपला ठेवणीतला प्रश्न काढला. "आणि खातो काय?"

शेठ तोंड उघडणार, तेवढ्यात मी फिसकन हसलो. "मामा, लाज काढता का? रेडिओ आहे, बैल नाय! शेठ, हे आमचे मामा गावातले आहेत, जाऊ द्या. तुम्ही बांधा." दुकानातली चार गिऱ्हाइकंही हसली. मामा उठून बाहेर गाडीकडे गेले. गाडीत रेडिओखाली पेंढा मात्र त्यांनीच अंथरला.

संध्याकाळी देवळासमोर अख्खी आळी जमली. रेडिओ चौथऱ्यावर, मी बाजूला, मिशीला तेल. कान पिळला. काही नाही. दुसरा पिळला. काही नाही. मागे एक वायर लोंबत होती, तिच्या टोकाला दोन पितळी दात. हे दात कुठे रोवायचे म्हणून इकडेतिकडे बघितलं. आमच्या आळीत वीजच नव्हती! कारखान्यात मी रोज विजेच्या दिव्याखाली उभा असायचो, पण घरी कंदील लावतो हे माझ्या लक्षात यायला ती संध्याकाळ लागली.

"बोलव की रे!" मागून एक जण ओरडला. "का वस्तरा आणू?"

मामा उठले. आता हे दुपारचं उट्टं काढणार, म्हणून मी डोळेच मिटले. मामांनी रेडिओवर टक-टक केलं, कान लावला आणि लोकांकडे वळले.

"बुजलाय. नवं जनावर हाय. नव्या दावणीला पहिल्या दिवशी कुठलं जनावर वैरणीला तोंड लावतं? दोन दिवस कोणी हात लावू नका."

लोकांना पटलं. बैल सगळ्यांनीच घेतले होते. एक म्हातारी तर जाताना रेडिओवरून भाकरीचा तुकडा ओवाळून गेली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला दांडी मारून, तीच गाडी, तोच पेंढा, पुन्हा कॅम्पात. गाडी मामाच हाकत होते. शेठ मला म्हणाले, "मैं तो कल ही बता रहा था, साईं. आप हँस पड़े." भला माणूस, बदलून दुसरा दिला. मामांनी पुन्हा विचारलं, "हा खातो काय?"

"बैटरी," शेठ म्हणाले.

मी हसलो नाही.

दोन दिवसांनी तो रेडिओ देवळासमोर बोलला, मिशी राहिली, आणि खरं काय झालं ते मामांनी गावात कुणालाच सांगितलं नाही. पुढे मामांनी अंथरूण धरलं, तेव्हा तोच रेडिओ मी त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला. भजन लागलं होतं. आळीतली माणसं बसलेली बघून माझी जीभ परत वळवळली. "मामा, गावाला रेडिओ ऐकवला कोणी? मीच ना?"

मामांनी बोटाने जवळ बोलावलं. वाटलं, आशीर्वाद देतात. मी डोकं पुढे केलं. त्यांनी टक-टक केलं, जरा वेळ ऐकलं, आणि सुमनला म्हणाले,

"पोरी, रेडिओचं भागलं गो. ह्याच्यात बॅटरी घालायची राहिलीच."