ऑर्फाची बिननोंदणीची गाडी

ऑर्फा टॉलेफसन आमच्या गावात शाळेची बस चालवायची. गाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं, एकाच मोठ्या रस्त्याचं, आणि त्या रस्त्यावर माझं केस कापायचं दुकान. आज गावात पोट सुटलेले, टक्कल पडलेले जेवढे बाप्ये फिरतात, त्यातल्या बहुतेकांना ऑर्फाने कधी ना कधी दंगा केला म्हणून मागून उठवून आपल्या पाठीमागच्या सीटवर आणून बसवलेलं आहे. त्यामुळे ती रस्त्याने निघाली की माणसं अजून पाठ ताठ करतात.

वय झालं तशी बस सुटली, पण चालवायची हौस काही सुटली नाही. तिच्याकडे एक लांबलचक स्टेशन वॅगन होती. तपकिरी रंगाची, दारांवर लाकूड वाटावं असा कागद चिकटवलेली. बाजूच्या सीटपुढचा पत्रा गंजून इतका खाल्ला गेला होता की पाय जरा सरकले तर खाली रस्ता पळताना दिसायचा. मी एकदा बसले आणि किंचाळले. ऑर्फा म्हणाली, "ओरडतेस काय? गाडी चालू आहे का उभी, ते मान वर न करता कळतं. नव्या गाड्यांत आहे का ही सोय?"

या गाडीची नोंदणी कधीचीच संपलेली होती. अडचण पैशाची नव्हती, तत्त्वाची होती. तिच्या घरासमोरून बँकेपर्यंतचा रस्ता खड्ड्यांनी भरलेला. बस चालवून चालवून तिला त्यातला एकेक खड्डा तोंडपाठ होता. मोठ्या तिघांना तर तिने नावंसुद्धा ठेवली होती, तिन्ही आपल्या दिरांची. नोंदणीचा पैसा रस्त्यांवर खर्च होतो असं कुणीतरी तिला सांगितलं, त्याच दिवशी ती म्हणाली, "मग आधी रस्ता दाखवा. दाखवलात की लगेच भरते." गावसभेने पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्ती करू म्हणून सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्ती झाली, पण पलीकडच्या बाजूची. ऑर्फाने भरायचं बंद केलं ते केलंच.

आता आमच्याकडे नोंदणी केली की नंबर प्लेटच्या कोपऱ्यावर लावायला एक टिकली मिळते, आणि दर वर्षी तिचा रंग बदलतो. ऑर्फाने त्यावर सोपा तोडगा काढला. दर वर्षी माझ्या दुकानात येऊन ती नेलपॉलिशची एक बाटली घ्यायची. कधी निळी, कधी पिवळीधमक. या वयात बाई हौशी आहे, असं वाटून मला कौतुकच वाटायचं. तिची नखं मात्र कायम कोरी. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण दुकानात गर्दी असते.

घोटाळा झाला तो रंगाचा. त्या वर्षीचा रंग कोणता, हे बघायला ती माझ्या दुकानासमोर उभ्या असलेल्या एका नव्याकोऱ्या गाडीच्या मागे वाकली. ती गाडी होती शेजारच्या राज्यातल्या पाहुण्यांची. सगळं गाव हिरवी टिकली लावून फिरत होतं आणि ऑर्फा नारिंगी.

कर्टिस प्रिबिल हा आमच्या गावचा एकुलता एक पोलीस. भला माणूस, जरा नियमाचा. त्याने पोस्टासमोर तिला थांबवलं, प्लेटजवळ उकिडवा बसला, टिकलीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत बसला.

"मिसेस टॉलेफसन, हे ओलं आहे."

"मग हात कशाला लावतोस? वाळू दे ना."

"हे नेलपॉलिश आहे!"

"तुझ्या बायकोचीच आवडती शेड आहे. विचार तिला."

कर्टिसही तिच्याच बसमधला. उकडलेलं अंडं फेकलं म्हणून अख्खं एक वर्ष पुढच्या सीटवर बसलेला. तरी त्याने धीर केला. "हे बघा, मी तुम्हाला दंडाची पावती काही देत नाही. पण नोंदणी तरी करा, नाहीतर ही गाडी रस्त्यावर आणू नका. पुन्हा चाक रस्त्याला लागलेलं दिसलं तर मला ती ओढून न्यावी लागेल. माझा इलाज नाही."

"खड्ड्यांना पण अशीच ताकीद देतोस का रे?" ऑर्फा म्हणाली, पण गाडी वळवून घरी घेऊन गेली.

त्या गुरुवारी केस सेट करायला ती आली तेव्हा गप्प होती. ऑर्फा गप्प म्हणजे आम्हाला काळजी. शेजारच्या ड्रायरखाली मार्लिस हॅगन बसली होती. चर्चमागच्या आवारातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरपोच गरम जेवण पोचवणारी जी संस्था आहे, ती मार्लिस चालवते. ड्रायरच्या आवाजात तिला वाटतं सगळे बहिरे आहेत, म्हणून ती ओरडूनच बोलते.

"आम्हाला देऊन टाक गाडी! जुन्या गाड्या घेतो आम्ही! विकून येईल त्यात जेवणं निघतात!"

"तिची नोंदणी संपलीय."

"संपू दे! नोंदणीशी आम्हाला काय करायचंय? मालकीचा कागद तुझ्या नावावर आहे ना? झालं तर! कागद दे, किल्ली दे, प्लेट काढून ठेव!"

ऑर्फाने मान वर केली. "नोंदणी लागत नाही? इतक्या वर्षांत पहिलं शहाणं ऑफिस भेटलं मला."

"आमचा ट्रक येईल, हुक लावून घेऊन जाईल! तुला बोटसुद्धा हलवायला नको!"

हुक म्हटल्याबरोबर ऑर्फाचं तोंड बदललं. "हुकवर? माझी गाडी? बर्फात, गारांत, पुरात मी पोरं घरी पोचवली, एकदाही कुणाच्या हुकवर आले नाही. गाडी दान करते, मार्लिस, पण आणून मी देणार. स्वतः चालवत."

"कर्टिस पकडेल!"

"बघू या," ऑर्फा म्हणाली आणि मला म्हणाली, "पुढून जरा कमी काप. लोक बघणार आहेत."

म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी कॅफेत कर्टिस पॅनकेक खात बसला होता. ऑर्फा त्याच्यासमोर जाऊन बसली, आवाजात साखर घालून.

"कर्टिस, चार जुलैच्या मिरवणुकीत घोडे असतात ना रे?"

"असतात."

"त्यांची नोंदणी असते का?"

"घोड्यांची कसली नोंदणी?"

"आणि ते टोपी घालून गवत कापायच्या मशीनवर बसून येतात ते? ती मशीनं रस्त्यावर चालवायची परवानगी असते?"

कर्टिसच्या तोंडात घास होता. "मिरवणुकीपुरता रस्ता बंद असतो मिसेस टॉलेफसन. तेवढा वेळ तो रहदारीचा रस्ताच नसतो. घोडे, मशीनं, ट्रॅक्टर, चाकं लावलेली आंघोळीची टबं, काहीही चालतं."

"काहीही?"

"काहीही."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" ऑर्फाने कॅफेभर नजर फिरवली. सगळ्यांनी ऐकलं होतं. कर्टिसने काटा खाली ठेवला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. उरलेला पॅनकेक त्याने तसाच सोडला.

मिरवणूक निघते शाळेपासून, म्हणजे ऑर्फाच्या दारातून, आणि संपते चर्चपाशी, म्हणजे मार्लिसच्या फाटकात. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी, कर्टिस दिवे लावून आपली गाडी सगळ्यांच्या पुढे घेऊन उभा राहिला, आणि त्याने आरशात पाहिलं तर मागे तपकिरी वॅगन. प्लेटच्या जागी एक पुठ्ठा, त्यावर मोठ्या अक्षरांत: 'नोंदणी संपली. मी नाही.' खाली मार्लिसच्या संस्थेचं नाव.

तो खाली उतरून आला. "तुम्ही शेवटी जा ना, प्लीज. घोड्यांच्या मागे."

"घोड्यांच्या मागे काय असतं माहीत आहे मला," ऑर्फा म्हणाली. "चल, उशीर होतोय. आणि घाई करू नकोस, माझा वेग सांभाळ."

मी दुकानासमोर खुर्ची टाकून बसले होते. पुढे गावचा पोलीस, दिवे फिरवत, भोंगा वाजवत, कान लाल झालेले, आणि मागे बिननोंदणीची गाडी राणीच्या थाटात. लोक मुलांना चॉकलेटं फेकतात. ऑर्फाही फेकत होती, पण नेम धरून आणि नाव घेऊन. "लायल, शर्ट आत खोच! जॅनीन, ढकलू नकोस तिला!" लायल आता आजोबा आहे. त्याने शर्ट खोचला.

आणि मग कुणीतरी, बहुधा लायलनेच, गर्दीतून हाक दिली, "गुड मॉर्निंग, मिसेस टॉलेफसन!" बसमध्ये चढताना प्रत्येकाला म्हणावंच लागायचं तसं. पलीकडून दुसऱ्याने म्हटलं. मग दोन्ही बाजूंनी सुरू झालं. केस पांढरे झालेले लोक उभे राहून शाळेच्या सुरात गुड मॉर्निंग म्हणत होते. ऑर्फाने काच खाली केली होती, ती वर करून घेतली. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा ती समोर बघत होती आणि तिची हनुवटी हलत होती.

पण भावुक होऊन गप्प राहील ती ऑर्फा कसली! बँकेसमोर तिने गाडी थांबवली. मागे बँड थांबला, त्यामागे उघड्या गाडीतले गावप्रमुख थांबले, घोडे थांबले. ऑर्फा उतरली, मागचं दार उघडलं, तांबड्या जिरेनियमची एक कुंडी काढली आणि सगळ्यात मोठ्या खड्ड्यात नीट बसवली. कुंडी काठापर्यंत आत गेली, वर फक्त फुलं.

"बरी बसली," ती म्हणाली. "पाणी घालायची जबाबदारी गावसभेची."

टाळ्या पडल्या. गावप्रमुखांनीही वाजवल्या, न वाजवून करतात काय? त्यांच्या गाडीला मात्र फुलं चुकवायला फुटपाथवर चढावं लागलं.

चर्चचं फाटक दिसायला लागलं आणि वॅगनने मान टाकली. एक उचकी, थोडा धूर, बंद. ऑर्फाने किल्ली फिरवून पाहिली, स्टिअरिंगवर थापटलं, काही नाही. मार्लिस फाटकातून ओरडली, "ट्रक आणू का?"

"खबरदार!"

कर्टिस आपल्या गाडीतून उतरला. टोपी काढून सीटवर ठेवली, बाह्या वर केल्या आणि वॅगनच्या मागे येऊन खांदा लावला. त्याला बघून बँडमधले ट्रॉम्बोनवाले आले. "डावीकडे घ्या, मिसेस टॉलेफसन!" तो धापा टाकत म्हणाला.

"मला शिकवतोस? जोर लाव!"

गाडी फाटकातून आत गेली. हुकाशिवाय, सरळ रेषेत.

मार्लिसने कागद पुढे केला, ऑर्फाने सही केली, पण खाली उतरेना. मी तोवर धावत पोचले होते. ती बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघत होती. तिचा नवरा व्हर्लिन तिथे बसायचा. गरीब माणूस; बायकोच्या वेगाला इतका भ्यायचा की पुढचा डॅशबोर्ड घट्ट धरून बसायचा. तिथलं प्लॅस्टिक त्याच्या बोटांनी गुळगुळीत झालं होतं. ऑर्फाने त्यावर हात ठेवला.

"इतका भ्यायचा," ती मला म्हणाली, "तरी एकदाही म्हणाला नाही की मी चालवतो."

मग किल्ली मार्लिसच्या हातात दिली आणि आईस्क्रीम कुठे मिळतंय ते विचारलं.

गाडी भंगारात जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. पण ती विकत घेतली शेजारच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, ग्रेटा वॉशबर्न यांनी. इतक्या हलक्या हाताच्या की दात उपटला तरी कळत नाही. त्यांचा छंद मात्र वेगळा. जिल्ह्याच्या जत्रेत जुन्या गाड्या मैदानात सोडून एकमेकांवर आदळवतात, आणि जी शेवटपर्यंत चालू राहील ती जिंकते. त्यात डॉक्टरीणबाई दर वर्षी उतरतात. लांब, जड वॅगन त्यांना सोन्यासारखी. मार्लिसला भंगारवाल्यापेक्षा चांगला भाव मिळाला, ती खूश. ही बातमी ऑर्फाला सांगायची कुणी, यावरून मात्र माझ्या दुकानात चिठ्ठ्या टाकायची वेळ आली. शेवटी मीच सांगितली, केसांना रोलर लावलेले असताना, म्हणजे उठून जाता येणार नाही.

ऑर्फाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तिकिटं कुठे मिळतात?"

ऑगस्टमध्ये आम्ही गेलो. कर्टिसने नेलं, त्याच्या घरच्या गाडीतून, आणि वाटभर ती त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगत होती. आम्ही पहिल्याच रांगेत बसलो, चिखल अंगावर उडेल अशा जागी. तपकिरी वॅगन इंजिन दुरुस्त होऊन मैदानात आली तेव्हा दारांवरचा लाकडाचा कागद तसाच होता. डॉक्टरीणबाईंनी हात हलवला. पुढची चकमक मला नीट सांगता येणार नाही, कारण मी डोळे झाकले होते. आवाज मात्र ऐकले. पत्र्याचे, आणि त्याहून वरचढ ऑर्फाचे. "मागून घे! मागून! अगं, मागचा भाग लांब आहे तिचा, तोच वापर! लाल गाडीला सोडू नकोस!"

वॅगन तिसरी आली. इंजिनाने पेट घेतला नसता तर दुसरी आली असती, असं ऑर्फाचं म्हणणं. खेळ संपल्यावर ती कठड्यापाशी गेली आणि काळ्याठिक्कर तोंडाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. मला वाटलं, आता गाडीसाठी दोन अश्रू येणार.

"वळताना तू ब्रेक का मारतेस?" ऑर्फा म्हणाली.

"सवय आहे हो," डॉक्टरीणबाई ओशाळल्या.

"मोडायची ती सवय. रविवारी माझ्याकडे ये, शाळेचं मैदान रिकामं असतं. आणि येताना जी काय गाडी मिळेल ती आण."

कर्टिस शेजारीच उभा होता. "त्या गाडीची नोंदणी—" तो म्हणायला लागला, आणि मग आमच्यासाठी भाजलेली कणसं आणायला निघून गेला.