पेटीवरचं नाव

कुठलीही वस्तू हातात आली की सर आधी ती उलटी करून बुडाकडून बघायचे. चहाचा कप असो, डब्याचं झाकण असो, नाहीतर वर्गात जप्त केलेला भोवरा. मग म्हणायचे, "ही काय सांगते ते बघू. जे सांगत नाही ते तिच्या तोंडी घालायचं नाही." मी वैतागायचे. "अहो सर, प्या की आता! कप आहे तो, हडप्पा नाही."

मिरा रोडच्या आमच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे, मी जीवशास्त्र. राहायचे समुद्राकडच्या गावात, पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती कोळी. रविवारची चर्चमधली प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नाही, आणि पुराव्याच्या बाबतीत देवालाही कधी सूट दिली नाही. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्याशी वाद घालायचा तर आधी जेवून घ्यावं.

एकदा नया नगरहून येणारे आमचे गणिताचे सर मोबाइल नाचवत स्टाफरूममध्ये आले. "लो सर, तुमच्या येशूच्या भावाची हाडांची पेटी मिळाली! वर त्याचं, बापाचं, येशूचं, तिघांची नावं पण कोरलीत. हो गया प्रूव्ह!"

सरांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. "त्या काळी तिकडे कबरीतली हाडं नंतर दगडी पेटीत भरून ठेवायचे, हे खरं. ही नावं तेव्हा घरोघरी होती, हेही खरं. पण पेटी मिळाली कुठे? जुन्या वस्तूंच्या बाजारात. जागेवरून उचललेली वस्तू मुकी होते, सर. मग तिच्या वतीने ज्याला हवं तो बोलतो."

"मतलब पूरी कहानी खोटी?"

"तेही ती सांगत नाही. सापडलं नाही म्हणजे नव्हतं, असं होत नाही. टाचेच्या हाडात अडकलेला खिळा सापडलाय, म्हणजे माणसांना क्रूसावर मारत होते. जुन्या भिंतींवर खरडलेल्या प्रार्थना सापडल्यात, म्हणजे त्याच्या नावाने माणसं जमत होती. पण त्याची कबर रिकामी का होती, हे फावडं कसं सांगणार? फावड्याला रिकामी कबर म्हणजे नुसता खड्डा. त्यापुढे विश्वास. तो माझा आहे, फावड्याचा नाही."

"आप तो ना इधर के, ना उधर के," गणिताचे सर हात जोडून म्हणाले. सर खूश झाले आणि त्यांनी माझा मोबाइलही उलटा करून बघितला.

त्यांच्या गावच्या दफनभूमीत जागा अपुरी. काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं दफनभूमीच्या भिंतीत त्या त्या घराण्याच्या खणात ठेवतात, खणावर नावाची फरशी बसवतात, आणि मोकळ्या जागेत पुढचं माणूस जातं. सरांच्या बायकोला मातीत ठेवलं तेव्हा मी तिथे होते. फार गोड बाई. मासळी वाळवायच्या ओट्यावरून पाय घसरून मांडीचं हाड मोडलं होतं, आत स्टीलची सळई होती. तरी लंगडत लंगडत सिल्व्हर पार्कला माझ्या घरी सुके बोंबील घेऊन यायची.

दर वर्षी नोव्हेंबरात मृतांचा दिवस येतो. त्याच्याआधी सर तिच्या कबरीवरचा लाकडी क्रूस उपटून घरी आणायचे, खरवडून काळा रंग द्यायचे आणि पांढऱ्या रंगात नाव लिहायचे. सगळं गावच तसं करतं.

एका वर्षी सगळ्यांचे क्रूस घरोघरी वाळत असताना वादळ आलं. मातीचे उंचवटे वाहून सपाट झाले, खुणेचा माड आडवा झाला. दोन दिवसांनी सर शाळेत आले, समोर ठेवलेला चहाचा कप सरळ उचलला आणि प्यायले. मी चरकलेच.

"बाई," ते हळूच म्हणाले, "क्रूस अंदाजाने रोवलाय."

"बरोबरच असेल हो."

"शेजारच्यांनीही अंदाजानेच रोवलेत."

दुसऱ्याच्या पेटीवर तासभर बोलणारा हा माणूस, आणि स्वतःच्या बायकोची खूण स्वतःच्या हाताने जागेवरून उचलून बसला होता. कसली ही वेळ!

पुढे तो विषय त्यांनी काढला नाही, पण तो त्यांना आतून पोखरत होता. त्या ओळीतल्या कबरी एकेक करून उघडू लागल्या. डावीकडची उघडली, तिथे नवं माणूस गेलं. मग उजवीकडची. सर मला शाळा सुटताना जिन्यात गाठून सांगायचे, "हिची पाळी जवळ आली." मी म्हणायचे, "काळजी करू नका." त्या शब्दांना काही अर्थ नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"तुम्ही या," एक दिवस म्हणाले. "हाडं ओळखणारं कुणीतरी हवं."

मी गेले. भरदुपारी आभाळ गच्च दाटलेलं, वाऱ्याचा मागमूस नाही. तिचा थोरला भाऊ पांढरं कापड घेऊन उभा होता. होडीवरचा दणकट माणूस, पण सकाळपासून रडून डोळे सुजलेले. फावड्याच्या आवाजाशिवाय तिथे काही ऐकू येत नव्हतं. हाडं वर येऊ लागली तसे सर गुडघ्यांवर बसले आणि हाताने वाळू झाडू लागले. मांडीचं एक हाड, मग दुसरं. दोन्ही अखंड. मोडून सांधल्याची गाठ नाही, स्क्रूचं भोक नाही. ते हाड मी आयुष्यभर फळ्यावर काढत आले. माझी चूक होणं शक्य नव्हतं.

"गावली रे, माझी बाय गावली!" भाऊ हंबरडा फोडून म्हणाला.

"सली कुटं हाय?" सळईचं विचारताना सर एकदम त्यांच्या गावच्या बोलीत गेले.

"खाऱ्या मातीन खाल्ली असंल."

"ती गंजत न्हाय."

"मास्तर, तूच बोलतोस ना, गावला न्हाय म्हंजे नव्हता असा न्हाय? मंग?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून झोपू देत नाही. मी तोंड उघडणार होते, पण त्यांनी अगदी बारीक मान हलवली. नको. मग ते त्या रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "व्हय. तीच हाय."

खणावर फरशी बसली. फरशीवर तिचं नाव.

बस स्टॉपपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "डावीकडे कुणाची तरी आई आहे, उजवीकडे कुणाचा तरी मुलगा. त्यांना उकरून मी हिला शोधू?" मला नुसतं रडू येत होतं.

पुढच्या नोव्हेंबरात त्यांनी त्या खणासमोर एक मेणबत्ती लावली. "आत आहे तेही कुणाचं तरी माणूसच." उरलेल्या मेणबत्त्या त्यांनी लोकांच्या कबरींमधल्या वाटांवर लावल्या, इथे एक, तिथे एक. शाळेत गणिताच्या सरांनी मुद्दाम नवा व्हिडिओ आणला, तर "असेल हो," म्हणाले. गणिताचे सर घाबरून मलाच विचारायला लागले, "सर की तबीयत ठीक है ना?"

उन्हाळ्यात सर झोपेतच गेले. त्यांची कबर उघडायची वेळ येईल तेव्हा त्यांची हाडंही त्याच खणात जातील, त्या अनोळखी माणसाच्या शेजारी.

यंदा मृतांच्या दिवसाआधी मी फुलं घेऊन गेले, तर त्यांचा मेव्हणा सरांचा क्रूस दोन्ही हातांनी हलवून सैल करत होता.

"थांबा!" मी केवढ्यांदा ओरडले. "उपटू नका. इथेच रंगवा."

"वाकून कसा रंगवू, बाई? सगले घरीच नेतात."

"मी धरते. तुम्ही डबा इथे आणा."

पुटपुटत गेला बिचारा. मी साडीसकट ओल्या वाळूत बसले आणि क्रूस घट्ट धरला. आजूबाजूला माणसं आपापले क्रूस उपटत होती, माती झटकत होती, काखेत मारून घरी चालली होती. एकेक ओळ बिननावाची होत होती. तो रंगाचा डबा घेऊन आला, रंगवून झालं, तरी रंग वाळेपर्यंत मी हात सोडला नाही.